सोळा मिलिमीटरची ढाल: ग्रीक सैनिकांच्या ढालींवर ट्रान्सफर नीट कसा बसवायचा

एका स्पार्टन सैनिकाने आपल्या ढालीवर नुसती एक माशी रंगवून घेतली होती, खऱ्या माशीएवढीच. शत्रूच्या नजरेला पडू नये म्हणून एवढंसं चिन्ह काढलंस ना, असं म्हणून सोबतचे त्याला चिडवू लागले. तो म्हणाला, उलट नजरेला पडावं म्हणूनच. मी शत्रूला इतका जाऊन भिडतो की माझं चिन्ह केवढं आहे ते त्याला बरोबर दिसतं. प्राचीन ग्रीक लेखक प्लूटार्कने नोंदवून ठेवलेली ही गोष्ट मला प्रत्येक ढाल हातात घेताना आठवते. आपले 28 मिमीचे, म्हणजे जेमतेम तेवढ्या उंचीचे रंगवायचे छोटे सैनिकही कोणी बघायला उचलले की नाकाशी धरूनच बघतो, आणि पहिली नजर जाते ती ढालीवर.

हॉप्लाइट म्हणजे प्राचीन ग्रीसमधला भाला-ढालवाला पायदळ सैनिक. त्याची गोल, खोलगट ढाल, म्हणजे अस्पिस, साधारण 90 सेंमी रुंद असे. 28 मिमीच्या मिनिएचरचं प्रमाण ढोबळमानाने 1:56 धरतात. म्हणजे ती ढाल आपल्या चिमटीत येते तेव्हा 16 मिमीची होते, रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान. एवढ्या जागेत केसांत साप असलेला गॉर्गनचा चेहरा ब्रशने काढणारे रंगारी आहेत, आणि त्यांचं काम बघत राहावंसं वाटतं. पण चाळीस जणांची फळी उभी करायची असेल आणि हात अजून बसायचा असेल, तर छापील ट्रान्सफरसारखी, म्हणजे कागदावरून ढालीवर उतरवायच्या तयार चित्रासारखी, सोय नाही.

ट्रान्सफर नीट बसणार की नाही, हे तो पाण्यात जाण्याआधीच ठरलेलं असतं, असं माझं आता पक्कं मत झालंय. खालचा पृष्ठभाग कसा आहे, ट्रान्सफर ढालीला बेतून घेतलाय का, आणि ढालीची वरची बाजू कुठली, या तीन गोष्टी जमल्या की प्रत्यक्ष चिकटवणं पाच मिनिटांचं काम आहे. म्हणून इथे आधीच्या तयारीवरच जास्त लिहितोय.

तुमच्याकडचा ट्रान्सफर कुठल्या जातीचा?

बाजारात दोन प्रकार मिळतात आणि दोन्ही पाण्यानेच उठतात, म्हणून नवीन माणसाचा गोंधळ होतो.

पहिला वॉटरस्लाइड. विमानांच्या आणि गाड्यांच्या मॉडेल किटमध्ये येतो तो हाच. कागदावर पाण्यात विरघळणारा डिंक, त्यावर पारदर्शक पापुद्रा, त्यावर चित्र. पाण्यात बुडवला की डिंक सुटतो आणि चित्र कागदावरून सरकवून ढालीवर घ्यायचं. चित्राची बाजू वरच राहते.

दुसरा उलटा बसवायचा. लहानपणी बबलगमच्या पाकिटातला टॅटू मनगटावर ठेवून वरून पाणी लावायचो, अगदी तसाच. वर पारदर्शक संरक्षक कागद असतो, तो सोलला की चित्राची चिकट बाजू उघडी पडते. ती ढालीवर पालथी टेकवायची, मागचा कागद ओला करायचा आणि सरकवून काढायचा. लिटल बिग मेन स्टुडिओजचे ढालींचे ट्रान्सफर याच पद्धतीचे आहेत, आणि प्लास्टिकच्या हॉप्लाइटसाठी बहुतेक जण तेच वापरतात. चित्र पालथं पडणार असल्यामुळे कागदावर ते आरशातल्यासारखं छापलेलं असतं. अक्षर उलटं दिसलं म्हणून छपाई चुकली असं समजू नका.

एक गोष्ट खरेदी करतानाच बघून घ्या. ट्रान्सफर कुठल्या कंपनीच्या ढालीसाठी काढलाय ते पाकिटावर लिहिलेलं असतं. एकाची ढाल 16 मिमीची, दुसऱ्याची 17ची, तिसऱ्याची कड रुंद. दिसायला हा फरक क्षुल्लक, पण इतक्या लहान मापात एक मिलिमीटर कमी पडला की कडेला पांढरी रेघ राहते.

कोणाच्या ढालीवर काय

हे आधीच ठरवा, नाहीतर दहा पाकिटं घेऊन बसाल आणि निम्मी वाया जातील.

सगळ्या फळीला एकच चिन्ह, ही कल्पना चित्रपटांनी आपल्या डोक्यात पक्की बसवली आहे. ग्रीक मडक्यांवरची चित्रं बघितली तर वेगळं दिसतं. रोमच्या व्हिला जूलिया संग्रहालयात इ.स.पू. सातव्या शतकातला किजी कलश आहे. त्यावर एका रांगेत चालणाऱ्या सैनिकांच्या ढालींवर वेगवेगळी चिन्हं आहेत. ज्याची ढाल, त्याची आवड: कोंबडा, बैलाचं डोकं, साप, तिवई, तीन पायांचं चक्र, गॉर्गन. म्हणून मॅरेथॉन (इ.स.पू. 490) किंवा थर्मोपिली (इ.स.पू. 480) या लढायांची फौज करत असाल तर मिश्र चिन्हं बेधडक वापरा. स्पार्टाचं लॅम्डा अक्षर, म्हणजे आपल्या डोळ्यांना उलटा व्ही, सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचा उल्लेख सापडतो तो पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या, अथेन्स-स्पार्टाच्या युद्धाच्या काळातला. थर्मोपिलीच्या तीनशे स्पार्टनांना लॅम्डा दिला तर कोणी हटकणार नाही, पण मी देत नाही.

पुढच्या काळात शहराची एकसारखी खूण दिसू लागते. सिक्योनच्या ढालींवर सिग्मा हे अक्षर, मँटिनियाच्या ढालींवर त्रिशूळ, थीब्जच्या ढालींवर हेराक्लिसची गदा. ही खूण किती ओळखीची होती ते ग्रीक इतिहासकार झेनोफोनने सांगितलेल्या एका प्रसंगातून कळतं. इ.स.पू. 392मध्ये कॉरिंथच्या लांब भिंतींपाशी लढाई चालू होती. सिक्योनचे लोक मागे रेटले जाताना बघून पासिमाखोस नावाच्या स्पार्टन अधिकाऱ्याने आपल्या स्वारांना घोड्यांवरून उतरवलं, सिक्योनवाल्यांच्या ढाली घेतल्या आणि तो आर्गोसच्या सैन्यावर चालून गेला. समोरच्यांनी सिग्मा बघितला आणि हे सिक्योनचेच असं समजून बेफिकीर राहिले. तेव्हा पासिमाखोस ओरडला की आर्गोसवाल्यांनो, हे सिग्मा तुम्हाला दगा देणार. तो तिथेच लढता लढता पडला. माझ्याकडे या प्रसंगाचा सहा जणांचा छोटा गट आहे: अंगावरचा सगळा पोशाख स्पार्टाचा, ढालीवर सिग्मा. बघणारा हमखास विचारतो, आणि मग ही गोष्ट सांगता येते.

ढाल तयार करणं

ढाल सैनिकाच्या हाताला आधी चिकटवू नका. वेगळी रंगवा. प्लास्टिकच्या फ्रेममधून कापली की जोडाचा उरलेला बारीक कोंब तासून घ्या, कडेवरची साच्याची रेघ बोटाने चाचपून बघा, लागली तर बारीक पॉलिश पेपरने घासा. मग भांडी घासायच्या लिक्विडने धुऊन वाळवा. साच्यातून सुटावी म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य राहिलं तर पुढचे सगळे थर त्यावरच तरंगतात.

धरायला काहीतरी हवं. ढालीच्या मागे ब्लू टॅकचा, म्हणजे परत निघणाऱ्या चिकट लांबीचा, गोळा लावून ती एखाद्या बाटलीच्या झाकणावर बसवा. मी जुन्या स्केचपेनांची टोपणं वापरतो. उभी करून ठेवता येतात आणि बोटं ढालीला लागत नाहीत.

प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पहिला थर, पांढरा किंवा अगदी फिका राखाडी. त्यावर जिथे ट्रान्सफर येणार तिथे पांढऱ्या रंगाचे दोन पातळ थर. इथे कंटाळा करू नका. ट्रान्सफरचा रंग पातळ असतो, खालचा रंग त्यातून वर येतो. काळ्या प्रायमरवर लाल ट्रान्सफर बसवला तर तो वाळलेल्या विटेसारखा दिसतो. खऱ्या ढालींना पुष्कळदा काशाचा पत्रा असे. अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात इ.स.पू. 425मध्ये पिलॉसला स्पार्टनांकडून हिसकावलेल्या ढालीचा कांस्य पत्रा ठेवलेला आहे, वर तसं ठोकून लिहिलेलंही आहे. कांस्य पृष्ठभागावर चिन्ह हवं असेल तर काळ्या किंवा गडद रंगाचं निवडा. ते धातूच्या रंगावरही उठून दिसतं. बाकी सगळ्यांना पांढरंच.

कड, म्हणजे ढालीभोवतीची जेमतेम एक मिलिमीटरची चपटी पट्टी, आत्ता रंगवली नाही तरी चालेल. ती शेवटी रंगवायची, का ते पुढे येईल.

चकचकीत थर

माझ्या पहिल्या आठ-दहा ढालींवर चित्राभोवती चंदेरी झाक आली होती. सरळ बघितलं की ठीक दिसायचं, जरा कलतं केलं की ढालीवर सेलोटेप चिकटवल्यासारखं. मी दोष ट्रान्सफरला दिला, दुसरं पाकीट आणलं, परत तेच. कारण खाली होतं. मॅट रंग डोळ्यांना सपाट दिसतो, पण भिंगाखाली तो खरखरीत असतो, बारीक पॉलिश पेपरसारखा. ट्रान्सफरचा पापुद्रा त्या खड्ड्यांवर ताडपत्रीसारखा पसरतो, खाली हवा अडकते आणि उजेड त्या हवेवरून परततो. तीच चंदेरी झाक.

उपाय साधा: पांढऱ्या रंगावर ग्लॉस व्हार्निश. ब्रशने लावायचं पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक ग्लॉस व्हार्निश घ्या, दोन पातळ हात द्या, मधे तासभर थांबा आणि मग रात्रभर सोडा. ढाल कपाच्या चिनी मातीसारखी चकाकली पाहिजे. ही चकाकी शेवटी मॅट व्हार्निशने जाणारच आहे, तेव्हा आत्ता ढाल खेळण्यातली दिसते म्हणून जीव खालीवर करू नका. या थराचा आणखी एक उपयोग असा की वॉटरस्लाइड ट्रान्सफर वाकडा बसला तर ओल्यापणी तो सरकवता येतो, आणि खालचा रंग पुसला जात नाही.

पावसाळ्यात स्प्रे व्हार्निशच्या नादी लागू नका. कोकणात, मुंबईत, जुलैच्या पुण्यात हवेतली आर्द्रता स्प्रेच्या थरात अडकते आणि वर पांढरट धुकं धरतं. जून ते सप्टेंबर मी सगळं ब्रशनेच करतो.

वरची बाजू

ढाल गोल आहे, म्हणजे वर कुठलीही बाजू चालेल, असं वाटतं. एकदा मी एका रांगेतल्या आठही ढाली सुट्या रंगवल्या, लॅम्डा सुबक बसवले, आणि सैनिकांच्या हाताला लावताना लक्षात आलं की ढालीमागे डाव्या हाताचा पट्टा साच्यातच कोरलेला आहे. तो हाताला जुळवला की आठही लॅम्डा आडवे, काही तर दाराच्या कडीसारखे लोंबते. बसलेला आणि वाळलेला ट्रान्सफर परत फिरत नाही. आठही ढाली खरवडून पुन्हा पांढऱ्यापासून सुरुवात.

अस्पिसच्या मधोमध पोरपॅक्स नावाचा पट्टा असे. त्यातून हात कोपरापर्यंत घालायचा आणि कडेजवळची मूठ धरायची. म्हणजे हाताची दिशा ढालीला बांधलेली असते. म्हणून रंगवण्याआधी ढाल सैनिकाच्या हातावर ब्लू टॅकने तात्पुरती लावा, सैनिक टेबलावर उभा करा, समोरून बघा आणि आकाशाकडच्या टोकाला ढालीच्या मागच्या बाजूने पेन्सिलीने खूण करा. भाला उगारलेला, चालता आणि गुडघा टेकलेला, तिघांच्या हातांचे कोन वेगळे, तिघांच्या खुणा वेगळ्या. ढाल आणि सैनिक, दोघांना एकच आकडा द्या.

बेतून कापणं

सपाट कागद खोलगट वाटीवर बसवायचा म्हणजे मोदकाची पारी हातात वाकवण्यासारखं आहे. मधे छान बसते, कडेला कापड जास्त होतं, आणि मग कळ्या पडतात. मोदकाला कळ्या हव्यात, ढालीला नकोत. ते जास्तीचं कापड कुठेतरी जाऊ द्यायला लागतं.

आधी पातळ कागद ढालीवर दाबून धरा आणि पेन्सिल आडवी करून घासा. कडेची रेघ उमटते. तो गोल कापून ढालीवर ठेवून बघा; हा तुमचा नमुना. ट्रान्सफर याच मापाचा कापायचा, छापील गोल कितीही मोठा असो. टोक बारीक असलेली वक्र कात्री उत्तम, नखं कापायचीही चालते. कात्री स्थिर ठेवा आणि कागद फिरवा. वॉटरस्लाइड असेल तर चित्राबाहेरचा पारदर्शक भाग जमेल तितका काढून टाका. चंदेरी झाक धरते ती याच भागात.

आता कडेपासून मध्याकडे दोन-तीन मिलिमीटरच्या चिरा द्या. फार खोल ढालीला चार, उथळ असेल तर दोन. चीर चित्रातल्या रेषेवरून न्या, किंवा जिथे चित्राचा एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथून. कोंबड्याच्या शेपटीच्या कडेने गेलेली चीर कोणाला दिसत नाही, मोकळ्या लाल रंगातून गेलेली लगेच दिसते. ढालीवर बसताना चिरेच्या दोन बाजू एकमेकींवर किंचित चढतील. तसंच व्हायला हवं.

सुरीचं पातं नवीन लावा. बोथट पातं पापुद्रा कापत नाही, ओरबाडतं. आणि पंखा बंद करा. उकडतं हे खरं, पण सोललेला ट्रान्सफर पंख्याखाली उडाला की तो स्वतःलाच चिकटतो आणि संपतो.

उलटा बसवायचा ट्रान्सफर

कापलेल्या ट्रान्सफरच्या मागच्या कागदावर, चित्राच्या डोक्याच्या बाजूला, पेन्सिलीने बाण काढा. पालथा केल्यावर चित्र दिसणार नाही, हा बाणच तुमची वाट दाखवणार. मग पात्याच्या टोकाने संरक्षक कागदाचा एक कोपरा उचला आणि चिमट्याने सावकाश सोला. त्याच्याबरोबर चित्र वर येतंय असं वाटलं तर थांबा, परत बसवा, दुसऱ्या बाजूने सुरू करा.

बाण ढालीमागच्या खुणेच्या रेषेत आणा. ट्रान्सफरचा मध्य आधी ढालीच्या मध्यावर टेकवा, मग बाहेरच्या दिशेने दाबत या. टेकल्यानंतर सरकवायची सोय नाही, म्हणून टेकवण्याआधी श्वास सोडा आणि दोन सेकंद बघा. अंगठ्याने वीस मोजेपर्यंत दाबून धरा.

ओल्या ब्रशने मागचा कागद भिजवा. तो पाणी पितो, परत भिजवा. अर्ध्या ते एका मिनिटात कागद पारदर्शक होतो आणि खालचं चित्र त्यातून दिसू लागतं. त्यानंतर ब्रशच्या टोकाने कागद हलकेच ढकलून बघा. बर्फासारखा घसरला तर काढा. अडखळला तर अजून पाणी. ओढायचा कधीच नाही. घाईने ओढलेल्या कागदाबरोबर गॉर्गनचं नाक गेलेलं मी बघितलंय.

कागद निघाला की वर डिंकाचा बुळबुळीतपणा असतो. भरपूर ओल्या ब्रशने तो धुऊन काढा, टिश्यू पेपर वरून टेकवून पाणी टिपा. पुसू नका, टिपा.

वॉटरस्लाइड बसवायचा तर

पाणी कोमट घ्या. बोअरचं जड पाणी वाळल्यावर पांढरे डाग सोडतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही गॅरेजजवळ मिळतं, ते या कामाला उत्तम. ट्रान्सफर चिमट्यात धरून पंधरा-वीस सेकंद बुडवा, मग बाहेर काढून ओल्या टिश्यूवर मिनिटभर ठेवा. पाण्यातच पडू दिला तर तो कागद सोडून एकटा तरंगू लागतो, सगळा डिंक धुतला जातो आणि मग चिकटायला काही उरत नाही.

यासाठी दोन द्रवं वेगळी मिळतात. मायक्रोस्केल कंपनीचं मायक्रो सेट, निळ्या लेबलचं, ट्रान्सफरच्या खाली लावायचं. ते पकड वाढवतं. मायक्रो सोल, लाल लेबलचं, वरून लावायचं. ते पापुद्रा मऊ करतं. क्रम लक्षात ठेवायला सोपा: आधी निळं, मग लाल. सेट मिळालं नाही तर पांढरा व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून काम भागतं. सोलला मात्र असा घरगुती पर्याय मी सुचवणार नाही.

ढालीवर सेटचा थेंब पसरा, कागद ढालीला टेकवून ट्रान्सफर ब्रशने त्यावर सरकवा, मध्य आणि वरची खूण जुळवा. टिश्यूचा कोपरा कडेला लावून पाणी शोषून घ्या आणि ओलसर कानकाडीने मध्यापासून बाहेर लाटल्यासारखं फिरवा, हवा कडेकडून निघून जाते. पाच मिनिटं थांबून वरून मायक्रो सोलचा एक हात द्या.

आणि आता हात मागे घ्या. मिनिटाभरात ट्रान्सफरवर सुरकुत्या पडतात, कधी कधी दुधावरच्या सायीसारखा तो आकसतो. नवीन माणूस इथेच बिचकतो आणि ब्रशने त्या सुरकुत्या सारख्या करायला जातो. या क्षणी पापुद्रा सायीइतकाच मऊ असतो, ब्रश लागला की फाटणार. काही करू नका. अर्ध्या तासाने बघा: सुरकुत्या आपोआप बसलेल्या असतात आणि पापुद्रा ढालीच्या खोलगटपणाला अंगावरच्या कापडासारखा धरून असतो. कडेला एखादी चुणी उरलीच तर तिच्या मधोमध नव्या पात्याने चीर द्या आणि परत सोल लावा. आत बुडबुडा दिसला तर सुईने टोचा, परत सोल. दोन-तीन फेऱ्या लागतात. मी एका संध्याकाळी दहा ढाली ओळीने मांडतो. दहावीला सोल लावून होईपर्यंत पहिली पुढच्या हाताला तयार असते.

घरी छापायचं असेल तर वॉटरस्लाइड कागद इंकजेट आणि लेझर दोन्हींसाठी वेगवेगळा मिळतो. इंकजेटवर छापल्यास पारदर्शक ॲक्रिलिकचे दोन-तीन थर मारून वाळवल्याशिवाय पाण्यात बुडवू नका, शाई ओघळते. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, तेही विसरू नका.

कड, आणि शेवटचा थर

ट्रान्सफर पूर्ण वाळू द्या, एक रात्र. मग ग्लॉस व्हार्निशचा एक पातळ हात वरून, म्हणजे पुढच्या कामात तो उचकटणार नाही.

आता कड रंगवायची. ट्रान्सफर कितीही काळजीने कापला तरी कुठेतरी केसभर पांढरं राहतं, कुठेतरी तो कडेवर चढतो. कडेचा कांस्य रंग आतल्या बाजूला किंचित पुढे आणला की हे दोन्ही झाकलं जातं. कड आधी रंगवायची नाही ती यासाठी. चिरांपाशी पांढरी फट दिसत असेल तर चित्राच्या त्याच रंगाचा ठिपका ब्रशच्या टोकाने ठेवा. रंग जुळवताना तो आधी कागदावर वाळवून बघा. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद होतो.

माझ्या मते खरी जान येते ती यानंतर. छापील चित्र फार स्वच्छ असतं, आणि शेजारचा सैनिक ब्रशने रंगवलेला. दोघं एका हातचे वाटत नाहीत. ढालीच्या खालच्या अर्ध्या भागावर तपकिरी रंगाचा खूप पातळ हात द्या, कडेलगतच्या खाचेत जरा जास्त. वरच्या अर्ध्यात चित्रातल्या फिक्या रंगाच्या एक-दोन रेषा ब्रशने गिरवा, कोंबड्याच्या छातीवर, सापाच्या पाठीवर. भाल्याचा ओरखडा हवा असेल तर गडद तपकिरी रेघ काढा आणि तिच्या खालच्या कडेला चिकटून फिकी रेघ. एका ढालीवर एक ओरखडा पुरे.

शेवटी मॅट व्हार्निश. सगळी चकाकी एका हातात जाते आणि ट्रान्सफरची कड नजरेतून नाहीशी होते. कांस्य कडेवर मात्र ग्लॉसचा बारीक हात परत द्या, धातू धातूसारखा दिसायला हवा.

पहिल्यांदाच करत असाल तर

अस्पिसच्या आधी एखादी रोमन ढाल करून बघा. साम्राज्यकाळातली लांब चौकोनी स्कूटम एकाच दिशेने वाकलेली असते, कौलासारखी. कौलावर कागद गुंडाळला तर चुणी पडत नाही, म्हणून चिरांची भानगडच नाही. सीरियातल्या ड्युरा-युरोपोसला सापडलेली तिसऱ्या शतकातली रंगीत स्कूटम अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलादालनात आहे, साधारण 105 सेंमी उंच. आपल्या मापात ती 19 मिमीची भरते. अडचण एकच, मधला धातूचा उंचवटा. तेवढं भोक ट्रान्सफरला आधीच पाडून घ्या, थोडं मोठंच, आणि उंचवटा मागाहून रंगवा. अशा चार ढाली हाताखालून गेल्या की अस्पिसला हात घाला.

ढाल हाताला चिकटवताना ज्या दोन जागा एकमेकींना भिडणार तिथला रंग आणि व्हार्निश पात्याने खरवडून प्लास्टिक उघडं करा. रंगावर लावलेला डिंक रंगालाच धरतो, आणि सैनिक एकदा आडवा पडला की ढाल रंगासकट निखळते. थेंबभर सुपर ग्लू टूथपिकने मागच्या पट्ट्यावर लावा, आकडा जुळवा, पेन्सिलीची खूण आकाशाकडे आहे ना ते बघा, आणि तीस मोजेपर्यंत धरून ठेवा.